नाशिकात, नाहीतर मुंबईत, ॲब्सिन्थचं कॉकटेल नीट कुठे मिळेल?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

प्रश्न थोडा वेगळा आहे, पण मनापासून विचारतोय. ॲब्सिन्थ (कडू वनस्पती आणि बडीशेपेच्या वासाची ती हिरवी, कडक दारू) घातलेली कॉकटेल्स नाशिकात कुठे नीट मिळतात का? इथे नसतील तर मुंबईत कुठे बघावं?

मागची गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं लेकीकडे अमेरिकेत गेलो होतो. तिने चार दिवस न्यू ऑर्लिन्सला नेलं आणि तिथल्या रूझवेल्ट हॉटेलातल्या साझरॅक बारमध्ये तिघांत मिळून एक साझरॅक, म्हणजे व्हिस्की आणि ॲब्सिन्थचं कॉकटेल, मागवलं. आमची ही वाइनच्या दोन घोटांपलीकडे कधी गेलेली नाही. तिने ग्लास नुसता नाकाशी नेला आणि म्हणाली, "अहो, दवणा!" मी वास घेतला तर खरंच, चैत्रात देवाला वाहतो त्या दवण्याच्या अंगाने जाणारा वास होता. मागून बडीशेप आणि लिंबाची साल. तिची आई दवण्याची जुडी उशाशी ठेवून झोपायची. ही बराच वेळ ग्लास हातात धरून बसली, प्यायली फारशी नाहीच.

येत्या मे महिन्यात आमच्या लग्नाला तीस वर्षं होतील. तो वास तिला पुन्हा द्यायचाय, एवढंच.

गंगापूर रोड आणि कॉलेज रोडला चार ठिकाणी चौकशी केली. तिघांनी नाव ऐकलं नव्हतं. चौथ्याने "आहे ना सर" म्हणून हिरवं पुदिन्याचं सरबत घातलेली व्होडका आणली आणि माझ्यासमोर तिला काडी लावली. बाटली दाखवा म्हटलं तर दाखवली नाही. ते ठिकाण कोणतं ते सांगत नाही, पण फार वाईट वाटलं. कोणी जाणकार असेल तर सांगा.

रात्रपाळी

नाशिकात विसरा, काका. वाइन प्यायला मुंबई-पुणे आपल्याकडे येतं, पण कॉकटेल म्हटलं की आपल्याकडे मोहितो आणि लाँग आयलंडच्या पुढे गाडी सरकत नाही. मुंबईच गाठा.

मिसळ_आणि_पाव

दवण्याचा वास म्हणणाऱ्या काकूंना नमस्कार सांगा. धागा वाचत राहणार.

बारमागची

गोदाकाठ काका, मी मूळची नाशिकरोडची. मुंबईत हॉटेलांच्या बारमध्ये अकरा वर्षं काम करतेय. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण आमच्याकडे येणारे बहुतेक जण ॲब्सिन्थ मागतात ते "चढतं किती" म्हणून. वासासाठी मागणारे फार थोडे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. काकूंनी प्यायलेल्या साझरॅकमध्ये ॲब्सिन्थ जेमतेम चमचाभर असतं. तेही प्यायला नाही. गार केलेल्या रिकाम्या ग्लासात ते ओतायचं, ग्लास गोल फिरवून आतून सगळीकडे लागू द्यायचं आणि उरलेलं टाकून द्यायचं. आपण ताकाचं भांडं विसळतो ना, तसं. मग दुसऱ्या ग्लासात साखरेचा खडा, पेशो बिटर्स ह्या कडवट अर्काचे तीन-चार थेंब आणि ६० मिली राय व्हिस्की (राय धान्याची) बर्फावर ढवळून गाळून त्यात ओतायची. वर लिंबाच्या सालीचं तेल पिळायचं. ग्लासात बर्फ नाही. नाकाला येतं ते ग्लासच्या काठावरचं ॲब्सिन्थ, जिभेला लागते ती व्हिस्की. म्हणून ग्लास हातात धरून नुसतं बसणाऱ्या काकूंनी ते कॉकटेल बरोबर ओळखलं असं मी म्हणेन.

आता कुठे ते. मुंबईत बारचे मेनू दर काही महिन्यांनी बदलतात, बाटली संपली की पुढची येईपर्यंत वेळ जातो, त्यामुळे आज मी एक नाव लिहिलं आणि मेमध्ये तुम्ही तिथे गेलात तर फसाल. कुलाबा, काळा घोडा, लोअर परळ, बीकेसी ह्या पट्ट्यात ज्या बारमध्ये क्लासिक कॉकटेल्स गंभीरपणे करतात तिथे आदल्या दिवशी दुपारी फोन करा. दुपारी, कारण तेव्हा बारवरचा माणूस स्वतः फोनवर यायला मोकळा असतो. "ॲब्सिन्थ आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "कोणती बाटली आहे, आणि साझरॅकला राय वापरता का बर्बन?" असं विचारा. (बर्बन म्हणजे मक्याची व्हिस्की.) समोरचा बाटलीचं नाव लगेच सांगेल तर जा. "सर, या तर खरं" म्हणाला तर जाऊ नका.

साझरॅक नाही जमलं तर कॉर्प्स रिव्हायव्हर नंबर टू मागा. जिन, क्वांत्रो (संत्र्याच्या सालीची गोड दारू), लिले (वासाची फ्रेंच वाइन) आणि लिंबाचा रस सारख्या मापात, वर ॲब्सिन्थचा एक शिडकावा. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या हॅरी क्रॅडॉकने १९३० साली ते लिहून ठेवलं. काकूंना ते जास्त आवडेल, व्हिस्कीची झणझण नाही त्यात.

सातपूरकर

ताई, छान माहिती. पण मग ते पेटवणं काय आहे? एका समुद्रकिनाऱ्यावरच्या बारमध्ये आम्हा मित्रांना साखरेचा खडा पेटवूनच दिलं होतं. पारंपरिक पद्धत हीच म्हणाले. एकाची भुवई जळाली.

बारमागची

सातपूरकर, ती परंपरा नाही. १९९० च्या दशकात चेक बारमधून ते आलं, पर्यटकांसाठी. फ्रेंच आणि स्विस लोक कधीच पेटवत नाहीत. साखर जळाली की तिचा करपट वास सगळ्या वनस्पतींवर बसतो. आणि ॲब्सिन्थ ४५ ते ७४ टक्के अल्कोहोलचं असतं, पेटलेला खडा ग्लासात पडला तर भडका उडतो. कोणी पेटवायला निघालं तर हात धरा.

खरी पद्धत साधी आहे. ग्लासात ३० मिली ॲब्सिन्थ, वर भोकं असलेला चपटा चमचा, त्यावर साखरेचा खडा, आणि त्यावर बर्फाचं गार पाणी अगदी थेंब थेंब. एकाला तीन ते पाच भाग पाणी. पाणी पडायला लागलं की हिरवा रंग तळापासून दुधाळ होत वर येतो. फ्रेंच लोक त्याला लूश म्हणतात. बडीशेपेच्या कुळातल्या बियांचं तेल दारूत विरघळतं पण पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाणी वाढलं की ते बारीक थेंब होऊन बाहेर येतं आणि प्रकाश विखुरतो. त्या क्षणी वासही उघडतो. घाईत पाणी ओतलंत तर निम्मा वास गेला.

स्वयंपाकघरातून

मी पीत नाही, पण हा धागा सोडवत नाहीये. हे असंच फिनाईल पाण्यात टाकल्यावर होतं ना? पांढरंशुभ्र?

बारमागची

हो, दिसायला तसंच, तेलाचे बारीक थेंबच ते. चव मात्र वेगळी.

पंचवटीतला

माफ करा, पण मला हे रुचलं नाही. रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर राहतो. २०२७ चा कुंभ तोंडावर आलाय. आपल्या गावाची ओळख आधीच वाइनचं गाव अशी करून ठेवलीय, आता परदेशी जहाल दारूही हवी? माझा सख्खा भाऊ दारूने गेला, एकेचाळिसाव्या वर्षी. तेव्हा त्याच्याबरोबर बसणारेही "आम्ही चवीसाठी पितो" असंच म्हणायचे. काकांचा हेतू चांगला आहे हे कळतं. तरी लिहावंसं वाटलं.

गोदाकाठ

पंचवटीतला, तुमचं दुःख वाचून थांबलो. उत्तर द्यायला दोन दिवस लागले. माझ्या घरातही एक असा माणूस होऊन गेला, म्हणून मी वीस वर्षं काहीच पीत नव्हतो. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मी जिथे जाईन तिथे एक ग्लास, दोघांत, आणि गाडी चालवणार नाही, हे तुम्हाला शब्द म्हणून सांगतो.

पंचवटीतला

तेवढं पुरे आहे दादा. काकूंना दवण्याची ताजी जुडी मात्र आधी आणा.

औषधवाला_सिडको

दवण्याबद्दल बोलणं निघालंच आहे तर माझा विषय. काकूंचं नाक पक्कं आहे. ॲब्सिन्थमधली मुख्य कडू वनस्पती म्हणजे आर्टेमिसिया ॲब्सिन्थियम, युनानीत तिला अफसंतीन म्हणतात. आपला दवणा आर्टेमिसिया पॅलेन्स. एकाच कुळातल्या दोघी. त्याच कुळातल्या तिसरीपासून, आर्टेमिसिया ॲनुआपासून, मलेरियावरचं आर्टेमिसिनिन मिळालं आणि त्यासाठी तू यूयू ह्या चिनी संशोधिकेला २०१५ चं नोबेल मिळालं.

पण इथे एक इशारा. हे वाचून कोणीतरी बाजारातून दवणा किंवा अफसंतीन आणून व्होडकात भिजत घालेल. कृपा करून घालू नका. अफसंतीनात थुजोन असतं, जास्त प्रमाणात ते झटके आणतं. कारखान्यात वनस्पती भिजवून मग ऊर्ध्वपातन करतात आणि थुजोन मोजतात. युरोपात अशा पेयांना किलोमागे ३५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. घरच्या बरणीत ते कोण मोजणार? शिवाय नुसतं भिजवलेलं अफसंतीन इतकं कडू लागतं की तोंड आठवडाभर विसरणार नाही.

कॅनव्हास

पण ॲब्सिन्थने भास होतात, म्हणूनच बंदी आली ना? व्हॅन गॉगने कान कापला तो ह्याच्यामुळेच असं वाचलंय.

औषधवाला_सिडको

व्हॅन गॉग ॲब्सिन्थ प्यायचा हे खरं, १८८७ मध्ये त्याने कॅफेच्या टेबलावरचा ॲब्सिन्थचा ग्लास रंगवलाही आहे. पण त्याच्या आजाराचं खापर एका बाटलीवर फोडता येत नाही. २००८ मध्ये संशोधकांनी बंदीपूर्वीच्या, म्हणजे १९१५ च्या आधीच्या, १३ जुन्या बाटल्या उघडून तपासल्या. थुजोन सरासरी लिटरला २५ मिलिग्रॅमच्या आसपास निघालं. तेवढ्याने भास होत नाहीत. तेवढ्या थुजोनचा त्रास व्हायच्या कितीतरी आधी सत्तर टक्के अल्कोहोल माणसाला आडवं करतं. त्या काळी लोकांना जे झालं ते मुख्यतः दारूने, आणि स्वस्त मालात रंगासाठी घातलेल्या तांब्याच्या क्षारांसारख्या विषांनी.

बंदीची ठिणगी पडली ती १९०५ च्या ऑगस्टमध्ये. स्वित्झर्लंडच्या कोम्यूनी गावात ज्याँ लाँफ्रे नावाच्या मजुराने गरोदर बायको आणि दोन मुलींना गोळ्या घातल्या. त्या दिवशी तो लिटरच्या लिटर वाइन, शिवाय ब्रँडी वगैरे प्यायला होता आणि ॲब्सिन्थचे फक्त दोन ग्लास. पण वर्तमानपत्रांनी नाव घेतलं ॲब्सिन्थचं. १९०८ ला स्वित्झर्लंडमध्ये सार्वमत झालं, १९१० पासून बंदी लागू. अमेरिकेत १९१२, फ्रान्समध्ये १९१५.

निफाडचा_बागाईतदार

मंडळी, ह्या बंदीमागं द्राक्षाचा हात आहे, ते कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. माझी चार एकर बाग आहे, दीड एकर वाइनची.

१८६० नंतर फ्रान्सच्या बागांत फिलॉक्सेरा आला. मुळावरचा बारीक किडा, अमेरिकेतून रोपांबरोबर गेलेला. वीस-पंचवीस वर्षांत बागांच्या बागा वाळून गेल्या. वाइन एवढी महाग झाली की कामगाराला परवडेना, मग तो बीट आणि धान्याच्या स्पिरिटपासून बनणाऱ्या स्वस्त ॲब्सिन्थकडं वळला. पुढं अमेरिकन खुंटावर कलमं करून बागा पुन्हा उभ्या राहिल्या, पण तोवर गिऱ्हाईक गेलेलं. तेव्हा ॲब्सिन्थ बंद करा म्हणून ओरडणाऱ्यांत वाइनवाले पुढं होते.

आम्ही पण आज डॉगरिजच्या खुंटावरच कलम भरतो. आमच्याकडं ते क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी. पण खुंट अमेरिकेचाच. बागेत उभा राहून हे आठवलं की अंगावर काटा येतो. हजारो किलोमीटरवरचा एक किडा, आणि त्यावरची औषधगोळी आमच्या मातीत.

साझरॅकचं पण तेच झालं म्हणतात. आधी ते फ्रेंच कोन्याक ब्रँडीमध्ये करायचे, नावही त्या कोन्याकवरूनच. कोन्याक मिळेनाशी झाल्यावर राय आली. बारमागची ताईंनी दुरुस्त करावं.

बारमागची

बरोबर आहे दादा, साझरॅक द फोर्ज नावाची कोन्याक होती. आणि १९१२ च्या बंदीनंतर ॲब्सिन्थच्या जागी हर्बसेंट नावाची बडीशेपेच्या वासाची दारू आली, १९३४ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्येच निघालेली. अमेरिकेत ॲब्सिन्थ पुन्हा २००७ ला विकायला परवानगी मिळाली, पुढच्याच वर्षी, २००८ ला, साझरॅक त्या शहराचं अधिकृत कॉकटेल ठरलं. म्हणजे मधली पंचाण्णव वर्षं लोक दुसऱ्याच वासावर भागवत होते.

तुमची वाइनची द्राक्षं कोणती?

निफाडचा_बागाईतदार

शेनिन ब्लां. पाऊस लांबला नाही तर ह्या वर्षी बरी येतील.

ब्रह्मगिरी_भटक्या

थोडं अवांतर, पण नाशिककरांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

फ्रान्समध्ये स्विस हद्दीजवळ पोंतार्लिए गाव आहे. पेर्नोने १८०५ ला तिथे ॲब्सिन्थचा कारखाना काढला. ११ ऑगस्ट १९०१ ला कारखान्यावर वीज पडली. आग टाक्यांपर्यंत पोचली तर गाव उडेल म्हणून एका कामगाराने टाक्यांच्या तोट्या उघडल्या आणि लाखो लिटर ॲब्सिन्थ दू नदीत सोडलं. दोन दिवसांनी कित्येक किलोमीटर लांब, लू नावाच्या दुसऱ्याच नदीच्या उगमापाशी पाण्याला ॲब्सिन्थचा वास आला. त्यावरून कळलं की लू म्हणजे जमिनीखालून गेलेलं दूचंच पाणी. चुनखडीतले भुयारी प्रवाह होते ते.

आपल्याकडे गोदावरी ब्रह्मगिरीवर प्रकटते, गुप्त होते, गंगाद्वाराला दिसते, पुन्हा गुप्त होते आणि कुशावर्तात येते असं आजी सांगायची. आपला डोंगर बेसॉल्टचा, तिथली चुनखडी वेगळी, हे मला माहीत आहे. तरी तो प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा मला कुशावर्तच आठवलं.

स्वयंपाकघरातून

काय सुंदर लिहिलंत! हे मी माझ्या सातवीतल्या मुलाला भूगोलासाठी सांगणार. ॲब्सिन्थच्या जागी बडीशेपेचं सरबत म्हणेन.

राव_साहेब_रावेर

बार्सिलोनाला कोणी जाणार असेल तर रावाल भागातलं बार मार्सेला बघा. १८२० पासूनचं. छताचा रंग सुटलाय, आरसे धुरकट झालेत, आणि समोर ॲब्सिन्थ, साखर, काटा आणि पाण्याची बाटली ठेवून निघून जातात. बाकी आपलं आपण. मी कंपनीच्या कामाला गेलो होतो, एकटाच बसलो होतो. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला बारीक भोक होतं, त्यातून पाणी सोडायचं. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने माझा हात धरून हळू हळू कसं ते दाखवलं. भाषा एकमेकांची येत नव्हती.

पण काका, तिथे कॉकटेल नाही हं. नुसतं ॲब्सिन्थ.

रात्रपाळी

न्यू यॉर्कमध्ये, ब्रुकलिनला, मेझाँ प्रीमिएर आहे, तिथे संगमरवरी कारंजं ठेवलंय पाणी थेंब थेंब सोडायला. न्यू ऑर्लिन्सच्या ओल्ड ॲब्सिन्थ हाउसमधल्या कारंज्यासारखं. भाच्याने फोटो पाठवले होते. पण हे सगळं सांगून काकांचा मे महिना कसा सुटणार? नाशिकहून मुंबईला जाऊन यायचं कसं ते कोणी सांगा.

कसारा_घाट

ते मी सांगतो, दर आठवड्याला जातो. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी गेलात तर संध्याकाळी परतीची पंचवटी सुटते तेव्हा हे बार जेमतेम उघडत असतात. त्यामुळे त्याच दिवशी परत यायचा विचार सोडा. मुंबईत एक रात्र मुक्काम धरा. गाडी नेणार असाल तर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा २०२५ च्या जूनपासून सुरू आहे, घाट टळतो, पण पिऊन कोणत्याच रस्त्याने येऊ नका. आणि मे महिन्यात मुंबईत घामाने काकू वैतागतील हेही धरून चला.

परवाना_खिडकी

कायद्याचं थोडं. महाराष्ट्रात मुंबई दारूबंदी कायदा १९४९ अजून लागू आहे, नावात आता महाराष्ट्र आलंय एवढंच. विदेशी दारू प्यायला वय २५ पूर्ण लागतं, बिअर-वाइनला २१. आणि दारू जवळ बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. लोकांना वाटतं ती फक्त परमिट रूमची भानगड आहे. घरी बाटली ठेवणार असाल तर आजन्म परवाना काढून टाका, फार खर्च येत नाही.

परदेशातून येताना माणशी २ लिटर दारू सीमाशुल्काशिवाय आणता येते. काकांची लेक अमेरिकेत आहे ना? मग बार कशाला शोधता? बाटली लेकीलाच आणायला सांगा.

गोदाकाठ

परवाना_खिडकी, हे मला सुचलंच नव्हतं! लेक एप्रिलच्या शेवटी येतेच आहे. पण घरी साझरॅक मला जमेल का? राय, पेशो बिटर्स, कुठे मिळणार नाशिकात?

बारमागची

काका, मग साझरॅक सोडा. मला आजच सकाळपासून दुसरंच डोक्यात आहे, निफाडच्या दादांनी शेनिन ब्लांचं नाव घेतल्यापासून.

डेथ इन द आफ्टरनून नावाचं कॉकटेल आहे. नाव भयंकर आहे, त्याकडे दुर्लक्ष करा. अमेरिकन लेखक हेमिंग्वेने १९३५ मध्ये त्याची कृती दिली. ग्लासात थोडं ॲब्सिन्थ, वर बर्फगार शँपेन, दुधाळ होईपर्यंत. दोनच वस्तू. ना शेकर लागत, ना गाळणी. त्याने एक जिगर (बारमधलं मोठं माप) ॲब्सिन्थ सांगितलंय आणि तीन ते पाच ग्लास प्या म्हटलंय, ते तुम्ही अजिबात ऐकू नका. तुमच्यासाठी चहाचा एक लहान चमचा, ५ मिली, पुष्कळ झालं. वासाला तेवढं पुरतं.

आणि शँपेनच्या जागी आपल्या नाशिकची फसफसती वाइन. दिंडोरीला शाँदोंची वायनरी आहे, २०१३ ला त्यांची पहिली वाइन बाजारात आली. आपल्याच शेतकऱ्यांची शेनिन ब्लां, शार्दोने आणि पिनो न्वार, आणि दुसरं आंबवणं बाटलीतच, शँपेनसारखं. ब्रूट (गोड नसलेली) घ्या, रोझे (गुलाबी) नको, रंग बिघडतो. बाटली फ्रीजमध्ये आठ तास आडवी नको, उभी ठेवा. ग्लास तिरपा धरून वाइन हळू ओता.

शंभरावर वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये ज्या द्राक्षवाल्यांनी ॲब्सिन्थ बंद पाडायला जोर लावला, त्यांचीच वाइन आणि तेच ॲब्सिन्थ एका ग्लासात. घाईत लिहितेय, सात वाजता बार उघडायचाय. पण कळलं असेल.

निफाडचा_बागाईतदार

कळलं ताई. लय भारी.

सातपूरकर

मग मूळ प्रश्नाचं उत्तर "नाशिकात कुठे?" तर "काकांच्या घरी" असं झालं की! आम्हाला कधी बोलावताय?

औषधवाला_सिडको

काकू रक्तदाबाची किंवा झोपेची काही गोळी घेत असतील तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. फिट्सचा त्रास कधीही असेल तर ॲब्सिन्थ नकोच.

गोदाकाठ

मंडळी, सहा आठवड्यांनी लिहितोय.

लेक बाटली घेऊन आली. परवाना काढला. शाँदोंची ब्रूट गंगापूर रोडवरच्या वाइनच्या दुकानात मिळाली. हिला काही सांगितलं नव्हतं. पंचवटीतला ह्यांचा शब्द लक्षात होता म्हणून आधी दवण्यासाठी फुलबाजारात गेलो, तर मे उजाडलेला, दवण्याचा हंगाम सरलेला. एका फुलवाल्या मावशींकडे चैत्रातली वाळलेली जुडी देव्हाऱ्यासाठी ठेवलेली होती. पैसे घेतले नाहीत त्यांनी.

गच्चीवर बसलो. लेकीने चमच्याने मोजून ॲब्सिन्थ घातलं, मी ग्लास तिरपा धरून वाइन ओतली. हिरवट थेंब होता तो बघता बघता मोत्यासारखा झाला. शेजारी ती वाळलेली जुडी ठेवली होती. हिने आधी ग्लासचा वास घेतला, मग जुडीचा, मग पुन्हा ग्लासचा.

म्हणाली, "ग्लासातला जास्त कडू आहे. आईच्या उशीचा गोड होता." मग म्हणाली, "पण बहिणी आहेत ह्या, आवाज एकसारखा आहे."

अर्धा ग्लास प्यायली. उरलेला मी. बाटली जवळपास भरलेलीच आहे.

औषधवाला_सिडको

आवाज एकसारखा! कुळाची ह्याहून चांगली व्याख्या मी वर्गात ऐकली नव्हती.

बारमागची

काका, मी हे ड्यूटीवर वाचलं आणि शेजारच्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवलं. तो बंगाली आहे, त्याला भाषांतर करून सांगितलं. बाटली उजेडात ठेवू नका, हिरवा रंग उन्हाने पिवळा पडतो. कपाटात ठेवा. पुढच्या चैत्रात ताजा दवणा मिळाला की पुन्हा करून बघा, आणि काकूंना काय वाटलं ते लिहा.

पंचवटीतला

चैत्रात जुडी मी आणून देतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.